बाळ सीमा ओलांडतं, जंतूही ओलांडतो. रिपोर्ट मात्र मागेच राहतो

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवरचं ते बाकडं आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. सुरत-भुसावळ गाडीतून उतरलेली माणसं मधोमध बसून फोटो काढतात आणि हसत पुढे जातात. सीमा म्हणजे रंगाने ओढलेली रेघ, एवढंच तिथे वाटतं. पण घरात आजारी बाळ असलं की हीच रेघ किती खोल आहे ते कळतं.

एक नेहमीचं चित्र घ्या. अक्कलकुव्याच्या पुढच्या एखाद्या पाड्यावर दिवस भरण्याआधीच बाई बाळंत होते. बाळाचं वजन दीड किलो, ते दूध ओढत नाही, अंग गार पडतंय. गावाजवळच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं होतात. पुढच्या रुग्णालयात औषध बदलतं. तिथे जागा नसते म्हणून गाडी सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा करत बडोद्याकडे निघते. तिकडे मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरहून छोटा उदेपूर, बोडेलीमार्गे अशीच दुसरी गाडी येत असते. बडोद्याचं सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडचं 'एसएसजी', हे तीन राज्यांच्या या कोपऱ्याचं मोठं सरकारी रुग्णालय. शहरात खाजगी रुग्णालयंही पुष्कळ आहेत. तिथे बाळ काचेच्या पेटीत जातं आणि डॉक्टर विचारतात, "आधी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं? कल्चर केलं होतं का?"

बापाच्या हातात एक दुमडलेली चिठ्ठी असते. तीवर तारीख असते, सही असते, कधी कधी औषधाचं नावही असतं. कल्चरचा रिपोर्ट मात्र नसतो. एकतर कल्चर झालेलंच नसतं, किंवा झालं असलं तरी रिपोर्ट येण्याआधी गाडी निघालेली असते.

या लेखाचा विषय तोच हरवलेला कागद आहे. ही कुठल्या एका रुग्णालयाबद्दलची तक्रार नाही. प्रश्न असा आहे की, नवजात बाळांच्या वॉर्डात औषधांना न जुमानणारे जंतू कसे तयार होतात, कसे फिरतात, आणि त्यांना अडवण्यात आपली तीन राज्यं कुठे कमी पडतात.

सातबारा आणि फॉरवर्ड

'या पोराला औषधाची सवय झालीय' असं आपण सहज बोलून जातो. यात गफलत आहे. सवय माणसाला होत नाही. बदल होतो तो जंतूत, आणि तोही त्याच्या जनुकांत.

जंतूमध्ये जनुकं दोन ठिकाणी असतात. एक म्हणजे त्याचं मुख्य गुणसूत्र. ते आईकडून लेकीकडे जातं, जशी जमीन वारसाने सातबाऱ्यावर चढते. दुसरी जागा म्हणजे प्लाझ्मिड नावाची छोटी गोल कडी. ती वारसाची वाट बघत नाही. दोन जंतू एकमेकांना चिकटले की एकाकडच्या प्लाझ्मिडची नक्कल दुसऱ्याकडे जाते. दुसरा जंतू वेगळ्या जातीचा असला तरी बहुतेक वेळा चालतं. क्लेबसिएलाकडून ई. कोलायकडे, ई. कोलायकडून एंटेरोबॅक्टरकडे. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डसारखंच म्हणा ना. एकाने पाठवला की दहा जणांकडे पोचतो, आणि मूळ कोणी लिहिला ते कोणालाच माहीत नसतं.

एकाच प्लाझ्मिडवर कधी कधी पाच-सहा औषधांना हरवणारी जनुकं शेजारी शेजारी बसलेली असतात. म्हणून वॉर्डात एक औषध जास्त वापरलं की त्या औषधाबरोबर बाकीच्या औषधांनाही दाद न देणारा जंतू माजतो. साधे जंतू मरतात, हा उरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पसरतो.

ही जनुकं करतात तरी काय? पेनिसिलिन, सेफोटॅक्झिम, मेरोपेनेम ही सगळी औषधं एका मोठ्या कुटुंबातली. त्यांच्या रेणूत एक कडी असते, तिच्या जोरावर ती जंतूची भिंत बांधू देत नाहीत. सीटीएक्स-एम-१५ नावाचं जनुक असलेला जंतू ती कडी तोडणारं विकर तयार करतो आणि सेफोटॅक्झिमसारखी औषधं निकामी करतो. मग डॉक्टर मेरोपेनेमकडे वळतात. त्यालाही तोडणारी जनुकं आहेत, त्यातली भारतात मुख्य दोन: एनडीएम आणि ओएक्सए-४८ गटातली. त्यानंतर उरतं कोलिस्टिन, मूत्रपिंडाला त्रास देणारं जुनं औषध. तिथेही जंतूने वाट शोधली आहे. आपल्याकडच्या क्लेबसिएलामध्ये बहुतेकदा एमजीआरबी नावाचं स्वतःचंच जनुक बिघडतं आणि कोलिस्टिन लागू पडेनासं होतं.

ही नावं प्रयोगशाळेतल्या लोकांपुरती आहेत असं वाटेल, पण बाळाच्या खाटेपाशी त्यांना अर्थ आहे. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे नव्या पिढीचं महागडं औषध ओएक्सए-४८ गटातल्या जंतूवर सहसा चालतं. जंतूकडे एनडीएम असेल तर मात्र ते एकट्याने काही करू शकत नाही, त्याच्या जोडीला अझट्रिओनाम द्यावं लागतं. म्हणजे जनुक कुठलं हे कळलं तर बापाचे हजारो रुपये वाचतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाळाचे दोन दिवस वाचतात. दीड किलोच्या बाळाकडे दोन दिवस फार असतात.

नावावरून वाद, कामाकडे दुर्लक्ष

एनडीएम म्हणजे 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज'. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा ओळखला गेला. २०१० च्या ऑगस्टमध्ये 'लान्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांवर शोधनिबंध आला आणि आपल्याकडे गदारोळ उठला. राजधानीचं नाव जंतूला का दिलं, आपल्या रुग्णालयांकडे येणाऱ्या परदेशी रुग्णांना घाबरवण्याचा हा डाव आहे का, असं बरंच काही बोललं गेलं.

त्या गोंधळात एक गोष्ट मागे पडली. त्याच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात हेच लिहिलं होतं. मेरोपेनेमच्या गटाला दाद न देणारे २४ नमुने त्यांनी तपासले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं. ही घंटा माहीममध्ये वाजली होती, पण आपण भांडलो ते लंडनशी.

२०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याचे नमुने तपासले गेले. रस्त्यालगत साचलेल्या आणि नाल्यांतल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक मिळालं. म्हणजे ते रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडलं होतं. ज्या शहरात सांडपाणी आणि पिण्याचं पाणी एकमेकांना भेटतं, तिथे आईच्या पोटातही असे जंतू मुक्कामाला असू शकतात. बाळंतपणात ते बाळाकडे येतात.

बाळांचाच नंबर आधी का लागतो

नवजात बाळाचं आतडं कोऱ्या पाटीसारखं असतं. जन्मल्यावर पहिले जे जंतू येतात ते तिथे घर करतात. घरी, आईच्या कुशीत, आईचे जंतू येतात. रुग्णालयात दहा दिवस पेटीत राहिलेल्या बाळाकडे वॉर्डातले जंतू येतात: नळीवरचे, बेसिनवरचे, सलाईनच्या उघड्या बाटलीतले आणि हातांवरचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ, आतड्याची भिंत कच्ची, प्रतिकारशक्ती नावापुरती. त्यामुळे मोठ्या माणसाच्या आतड्यात गुपचूप राहणारा क्लेबसिएला बाळाच्या थेट रक्तात उतरतो. रक्तातल्या या जंतुसंसर्गालाच सेप्सिस म्हणतात.

देशात या विषयावरचा सगळ्यात पायाभूत अभ्यास दिल्लीतल्या ३ मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झाला आणि २०१६ मध्ये 'लान्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. त्याच रुग्णालयांत जन्मलेल्या आणि अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांवर त्यात लक्ष ठेवलं होतं. १४.३ टक्के बाळांना सेप्सिस झाला. सर्वाधिक सापडलेला जंतू अ‍ॅसिनेटोबॅक्टर, त्यानंतर क्लेबसिएला आणि ई. कोलाय. अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते, क्लेबसिएलाचे ५४ टक्के. जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यूंच्या मुळाशी सेप्सिस होता.

यातला खरा धक्का वेगळाच आहे. सेप्सिसच्या जवळपास दोन तृतीयांश घटना पहिल्या ७२ तासांतच घडल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत इतक्या लवकर होणाऱ्या संसर्गात आईकडून येणारा बी गटाचा स्ट्रेप्टोकोकस प्रमुख असतो, आणि तो साध्या पेनिसिलिनने मरतो. आपल्याकडे पहिल्या तीन दिवसांतही तेच जंतू मिळतात जे दहाव्या दिवशी मिळतात. म्हणजे प्रसूतिगृहापासूनच, नाळ कापतानाच, रुग्णालयातला जंतू बाळाला गाठतो असं मानायला जागा आहे.

'ही दिल्लीची गोष्ट, मोठ्या रुग्णालयांची' असं म्हणून सुटता येत नाही. २०२५ मध्ये देशातल्या ५ जिल्हा रुग्णालयांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही क्लेबसिएला आणि ई. कोलाय पुढे होते, आणि मुख्य जंतूंपैकी तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त नमुने अनेक औषधांना जुमानत नव्हते. म्हणजे गाडी बडोद्याला निघण्याआधी, आपल्या जिल्ह्याच्या पातळीवरच, गोष्ट बिघडलेली असू शकते. देशात दरवर्षी अशा दाद न देणाऱ्या सेप्सिसने ५६ ते ५८ हजार नवजात बाळं दगावतात, असा अंदाज संशोधकांनी याआधीच मांडला आहे.

गडचिरोलीत काय चाललं होतं

या चित्राशेजारी आपल्याच राज्यातलं एक जुनं चित्र ठेवून बघा. १९९० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाची तपासणी शिकवली. सेप्सिसची लक्षणं दिसली की त्या बाया घरीच दोन औषधं द्यायच्या: जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल. दोन्ही स्वस्त, दोन्ही जुनी. १९९९ मध्ये 'लान्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं. जगभरात त्याचं नाव झालं.

ती औषधं चालली, कारण पाड्यावरच्या घरात जन्मलेल्या बाळाचे जंतू अजून साधे होते. आज तीच जेंटामायसिनची कुपी घेऊन मोठ्या वॉर्डात गेलात तर तिथला क्लेबसिएला अनेकदा तिला भीक घालत नाही.

याचा अर्थ बाळंतपणं पुन्हा घरी करावीत असा मुळीच नाही. रुग्णालयातल्या बाळंतपणांनी आया वाचल्या, पोरं वाचली. पण बाळंतपण रुग्णालयात आणताना जेवढी माणसं आणली तेवढी बेसिनं, तेवढं पाणी, तेवढ्या नर्स आणल्या का, हा हिशेब कोणी तरी मागायला हवा. एका नर्सकडे चार बाळं असतील तर ती हात धुते. बारा असतील आणि त्यातलं एक निळं पडत असेल, तर ती आधी धावते. तिला दोष देऊन जंतू कमी होत नाहीत.

औषधांचं शहर

हा विषय बडोद्याशी जोडण्याला आणखी एक कारण आहे. अँटिबायोटिकच्या भारतीय इतिहासात या शहराला मानाचं पान आहे. १९०७ मध्ये इथे अलेंबिक सुरू झाली. तिच्या संस्थापकांत त्रिभुवनदास गज्जर आणि भाईलाल अमीन यांच्याबरोबर कोटीभास्कर हे मराठी प्राध्यापकही होते. पुढे साराभाई केमिकल्स आली. १९५० च्या दशकात आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन काढलं, आणि बडोद्यातही पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तेव्हा ही औषधं म्हणजे जादूच होती. ज्या न्यूमोनियाने घरातलं पोर जायचं, ते चार दिवसांत उठून बसायला लागलं.

पण त्याच्याही आधी या शहराने बाळं वाचवायची दुसरी सोय केली होती. सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याचा तलाव बांधला गेला आणि १८९२ पासून शहराला नळाने पाणी मिळू लागलं. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा ३६ वर्षं बाकी होती. आजव्याच्या पाण्याने किती पटकीचे, किती हगवणीचे बळी वाचले असतील त्याची मोजदाद नाही, पण गोष्ट साधी आहे: जो जंतू पोटात गेलाच नाही त्याच्यावर औषध लागत नाही. गोळ्या-इंजेक्शनांची चटक लागल्यावर आपण हे विसरलो. आता औषधं संपत आली तसं ते पुन्हा आठवायची वेळ आली आहे.

डॉक्टरचीही अडचण समजून घ्या

बाळ दाखल झालं की डॉक्टरकडे वेळ नसतो. ब्लड कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबलं तर बाळ हातचं जाईल, म्हणून अंदाजाने औषध सुरू करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना सल्ला आहे अँपिसिलिन आणि जेंटामायसिनचा. पण वॉर्डात ते चालत नाही असा अनुभव असला की डॉक्टर थेट मेरोपेनेम लावतात. चूक म्हणावी तर बाळ वाचतं, बरोबर म्हणावं तर पुढच्या बाळासाठी जंतू आणखी तयार होतो.

हा गोंधळ जगभर आहे. भारतासह ११ देशांतल्या रुग्णालयांत ३,२०० हून जास्त आजारी बाळांची पाहणी झाली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सेप्सिससाठी तिथे २०० हून जास्त वेगवेगळ्या औषध-जोड्या वापरल्या जात होत्या. म्हणजे ठरलेली वाट कोणाकडेच नाही. नवी औषधं आधी मोठ्यांवर तपासली जातात, बाळांसाठीचा डोस ठरायला पुढे वर्षं जातात.

म्हणूनच आधीच्या रुग्णालयाचा कागद एवढा मोलाचा. कुठलं औषध किती दिवस दिलं, कल्चरमध्ये काय वाढलं, कुठल्या औषधाला जंतू दाद देत नाही, एवढं कळलं तरी बडोद्याच्या डॉक्टरला अंधारात तीर मारावा लागत नाही. आणि आधीच्या ठिकाणचा कठीण जंतू घेऊन आलेलं बाळ आहे हे कळलं तर त्याला वेगळ्या कोपऱ्यात ठेवता येतं, शेजारच्या पेट्या वाचतात.

मग करायचं काय

पहिली गोष्ट, कागदाची. २०२१ पासून देशात आभा क्रमांकाची डिजिटल योजना आहे. टीबीच्या रुग्णाची नोंद देशपातळीवर होते, लसीची नोंद होते. मग नवजात बाळाच्या कल्चरचा रिपोर्ट नंदुरबारहून बडोद्याला आणि बडोद्याहून अलीराजपूरला का जाऊ नये? गाडी निघाल्यानंतर दोन दिवसांनी रिपोर्ट आला तर तो कोणी, कुठे, कुठल्या नंबरवर कळवायचा, याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असली पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. तीन राज्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांची एक बैठक आणि एक ठरलेला फॉर्म लागतो.

दुसरी गोष्ट, यंत्राची. टीबी तपासणारं सीबीनॅट यंत्र आता बहुतेक जिल्ह्यांत आहे. त्याच यंत्रात वेगळं कार्ट्रिज घातलं तर कल्चरमध्ये वाढलेल्या जंतूत किंवा बाळाच्या शौचाच्या जागेच्या स्वॅबमध्ये एनडीएम, ओएक्सए-४८ वगैरे जनुकं आहेत का ते तासाभरात कळतं. कार्ट्रिज महाग आहे, हे खरं. पण चुकीच्या औषधावर घालवलेले चार दिवस त्याहून महाग असतात. आधी मात्र जिल्हा पातळीवर साधं, भरवशाचं ब्लड कल्चर रोज झालं पाहिजे. पाया नसताना कळस नको.

तिसरी गोष्ट, जंतूचा पूर्ण आराखडा वाचण्याची, म्हणजे जिनोम सिक्वेन्सिंगची. समजा एका महिन्यात वॉर्डातल्या पाच बाळांना क्लेबसिएला झाला. आराखडा वाचल्यावर पाचही जंतू जवळपास जुळे निघाले, तर उगम एकच: एखादं बेसिन, एखादी सक्शनची नळी, एखादी सलाईनची बाटली. ती शोधून काढता येते. पाचही वेगळे, पण प्लाझ्मिड तेच, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बाटली शोधून भागणार नाही, औषधांच्या वापराकडे बघावं लागेल. आणि नंदुरबारच्या बाळात सापडलेला जंतू बडोद्याच्या वॉर्डातल्याशी जुळला, तर बाळांबरोबर जंतू कुठल्या दिशेने प्रवास करतोय तेही कळतं. प्रत्येक जिल्ह्याने हे यंत्र घ्यायची गरज नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या जाळ्यात पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज आहे आणि अहमदाबादचंही बी. जे. मेडिकल कॉलेज आहे. दोघांचं नाव एकाच दानशूर पारशी गृहस्थाचं, बैरामजी जीजीभॉय यांचं. नाव एक आहे तर सीमाभागाच्या नमुन्यांची माहितीही एकत्र बसून वाचायला हरकत नसावी.

चौथी गोष्ट, दुकानाची. २०१४ पासून लागू असलेल्या एच-१ यादीप्रमाणे सेफोटॅक्झिम, मेरोपेनेमसारखी औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि दुकानदाराला त्याची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. सीमेवरच्या बाजारात हा नियम किती पाळला जातो ते वाचकांना सांगायला नको. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला, दुकानांवर छापेही टाकले. मध्य प्रदेशनेही २०१९ मध्ये आराखडा आणला. पण एका बाजूला दुकान बंद झालं आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात गोळी मिळाली, तर आराखड्याचा उपयोग काय?

घरच्यांच्या हातात काय आहे

सरकार करेल तेव्हा करेल. घरच्या माणसांनी काही गोष्टी आजपासून कराव्यात.

बाळाला दुसऱ्या रुग्णालयात हलवत असतील तर औषधांची नावं, डोस आणि तारखा लिहून मागा. 'कल्चर पाठवलंय का, रिपोर्ट कधी येईल, कोणाला फोन करायचा' हे विचारा. विचारल्याने डॉक्टर रागावतील असं मनात आणू नका. मोबाईलमध्ये प्रत्येक कागदाचा फोटो काढा. कागद भिजतो, हरवतो, फोटो राहतो.

कल्चरमध्ये काही वाढलं नाही आणि बाळ सुधारलं, म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक थांबवत असतील तर 'अजून चार दिवस द्याच' असा आग्रह धरू नका. आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस मनानेच कमीही करू नका.

वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येकाने हात धुवावेत, आजीने आणि मामानेही. अंगठ्या, बांगड्या काढून, कोपरापर्यंत. बाळाला बघायला दहा जणांनी आत जायची हौस घरी आल्यावर भागवता येते.

आईचं दूध आणि आईची ऊब यांना औषधाच्या खालोखाल समजू नका. अपुऱ्या वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, यालाच कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह ५ देशांत यावर मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: बाळ स्थिर होईपर्यंत न थांबता लगेच ही पद्धत सुरू केलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. सेप्सिसचा संशय आलेली बाळंही कमी. बाळाच्या कोऱ्या पाटीवर वॉर्डाच्या आधी आईने लिहिलं, तर जंतूला जागा कमी मिळते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अँटिबायोटिकच्या प्रश्नावरचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०२९ पर्यंतचा. त्याची अंमलबजावणी राज्यांवर आहे. आणि राज्यांची हद्द जिथे संपते तिथेच आपली वस्ती सुरू होते. मुंबई, गांधीनगर आणि भोपाळमधून बघितलं तर आपण प्रत्येक नकाशाच्या कडेला आहोत. पण बडोद्याच्या वॉर्डात तीन राज्यांची बाळं एकाच रांगेत, एकाच नळाच्या पाण्यावर, एकाच नर्सच्या हाती असतात.

पुढच्या निवडणुकीत दवाखान्याची इमारत मागणारे खूप असतील. तुमच्या आमदाराला एवढंच विचारा: आपल्या जिल्हा रुग्णालयात बाळाचं ब्लड कल्चर रोज होतं का, आणि बाळ बडोद्याला गेलं तर त्याचा रिपोर्ट मागोमाग जातो का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, तर ज्या बापाच्या हातात आज दुमडलेली चिठ्ठी आहे, त्याच्या हातात उद्या कामाचा कागद असेल.